सातव्या पाटीवरचा मजकूर

सान बिआजो,
रविवार, २२ सप्टेंबर २०१९

प्रिय लिव्हिओ,

एका सकाळी तू आमच्या खाणावळीच्या दारात गाडी उभी करून तिची पुढची काच अर्ध्या लिंबाने घासत होतास. तळ्याकाठच्या रस्त्याने येताना किडे काचेला चिकटून वाळले होते, आणि ते पाण्याने निघत नाहीत असं तुझं म्हणणं होतं. मी पायरीवर बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, ते लिंबू जेवणातलं आहे. तू म्हणालास, मग गाडीला जेवायला बोलाव. तेवढ्यात बोर्तोलोकाका आपला तीनचाकी टेम्पो घेऊन वरून उतरले आणि थांबून म्हणाले, तोरिनोचे लोक कोशिंबीर गाडीवर कालवतात वाटतं. तू उरलेलं अर्धं लिंबू त्यांच्यापुढे धरलंस, तुमचीही काच पुसा म्हणालास. काकांनी मान हलवली. त्यांची काच दहा वर्षांत पुसलेली नव्हती. पुसली तर दिसायला लागेल, म्हणाले, आणि दिसायला लागलं की मला या रस्त्याची भीती वाटायला लागेल. तू इतका हसलास की लिंबू हातातून सुटून उतारावरून तळ्याकडे गेलं.

एवढंच. पुढे काही झालं नाही. तू काच पुसलीस, मी शेंगा सोलल्या. पण पन्नास वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा आठवलेली सकाळ हीच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. पत्र कुणाचं हे पाहायला तू शेवटचं पान आधी उलटलं असशील, तर आता पुन्हा पहिल्या पानावर ये. या पत्रात तुला आधीच ठाऊक असलेल्याही पुष्कळ गोष्टी मी सविस्तर लिहिणार आहे. कंटाळू नकोस. त्या तशा का लिहिल्या ते शेवटी सांगते.

आधी बातमी. तू ज्या रस्त्यावर गाडी चालवलीस तो आता गाड्यांसाठी बंद आहे. डोंगराच्या पोटातून नवा लांब बोगदा काढला आणि आपला जुना रस्ता, ते चार छोटे बोगदे आणि तळ्याकडे खिडक्या असलेली ती लांब कमान, सगळं सायकलवाल्यांना देऊन टाकलं. उन्हाळ्यात जर्मन लोक येतात, मोबाइलमध्ये तुमच्या सिनेमातला पाठलाग लावतात, आणि प्रत्येक वळणावर थांबून पडद्यावरचं वळण आणि समोरचं वळण ताडून पाहतात. परवा एक पन्नाशीचा गृहस्थ कमानीत उभा राहून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता आणि त्याची बायको त्याचं चित्रीकरण करत होती. दोघंही गंभीर. मी भाजी घेऊन चालले होते, मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

तर आता नगरपालिकेने ठरवलंय की या रस्त्यावर नऊ पाट्या लावायच्या. कुठे कोणता प्रसंग घेतला, कॅमेरा कुठे होता, लाल गाडी कुठून वळली. हे काम नोएमीकडे आहे. नोएमी म्हणजे बोर्तोलोकाकांची नात, तीस वर्षांची, वाचनालय तीच सांभाळते. त्या दिवसांतलं गावात कुणी जिवंत उरलं असेल तर मीच, म्हणून ती मागच्या आठवड्यात मजकूर वाचून दाखवायला आली. पहिल्या सहा पाट्या ऐकून मी खूश होते. मग तिने सातवी वाचली. सातवी पाटी तिसऱ्या बोगद्याच्या पलीकडे लागणार आहे. तिच्यावर लिहिलंय: 'चित्रीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात येथे अपघात झाला. चालक लिव्हिओ ब्रेरो याने मोकळ्या रस्त्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता गाडी सोडली.' पाट्या एक ऑक्टोबरला छापायला जातात. धातूवर छापतात, नोएमी म्हणाली, पन्नास वर्षं टिकतील.

मी तिला कॉफी दिली, बिस्किटं दिली. ती गेल्यावर कप विसळता विसळता माझ्या लक्षात आलं की मी तोच कप तिसऱ्यांदा विसळते आहे. इतकी वर्षं ते वाक्य फक्त फौजदाराच्या कपाटातल्या एका कागदावर होतं. आता ते तुझ्या नावानिशी उन्हात उभं राहणार, आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. रोज भाजीला जाताना मी त्याच्यासमोरून जाणार.

तुम्ही लोक आलात तेव्हा मी वीस वर्षांची होते. सिस्टरांच्या शाळेतून बाहेर पडून दोन वर्षं झाली होती, पण शाळा माझ्यातून बाहेर पडली नव्हती. चालताना मी भिंतीच्या कडेने चालत असे. रोमहून आलेली तुमची मंडळी मला 'छोट्या सिस्टर' म्हणायची. त्यांना आमची मक्याच्या पिठाची पोलेंता आवडत नसे. हे भिंतीला लावायचं ते ताटात का वाढता, असं त्यांच्यातल्या एकाने आईला विचारलं, आणि आई म्हणाली, भिंतीला लावा, मग चाटून खाल. तू मात्र दोनदा मागून घ्यायचास. तुमच्या दिग्दर्शकाला गल्लीत वाळत घातलेल्या चादरी हव्या होत्या, गाडीने त्या फाडत जायच्या म्हणून. आईने त्यांना बजावलं, फाडायच्या चादरी आपल्या घरून आणा, माझ्या चादरींवर लोक झोपतात. शेवटी त्यांनी विकत आणल्या, आणि त्या इतक्या नव्या होत्या की पडद्यावर अजूनही खोट्या दिसतात.

माझं काम मला आईमुळेच मिळालं. बोगद्यांमुळे तुमची बिनतारी यंत्रं चालत नव्हती. डोंगर आवाज गिळायचा. म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस उभा करायचं ठरलं. तासन्‌तास न हलता उभं राहू शकेल असं कुणी आहे का, असं तुमच्या सहायकाने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, ही घ्या, हिला सिस्टरांनी आठ वर्षं तेवढंच शिकवलंय. मला तिसऱ्या वळणावरच्या खडकावर उभं केलं. तिथून दोन्ही बाजू दिसायच्या. खाली बोगद्याच्या अलीकडे तुझी लाल गाडी, आणि बोगद्याच्या पलीकडचा रस्ता, जो तुला दिसत नव्हता. माझ्या हातात खाणावळीतला पांढरा रुमाल. रुमाल खाली म्हणजे थांब. रुमाल वर म्हणजे रस्ता मोकळा, ये. एवढी साधी गोष्ट. पलीकडचं सगळं तू माझ्या डोळ्यांनी पाहायचास. मोटारीच्या कारखान्यात सहा वर्षं नव्या गाड्या चालवून पाहणारा माणूस, पण माझा हात वर गेल्याशिवाय तू एक वीतही पुढे सरकला नाहीस. आमच्या घरात तोवर माझ्या सांगण्यावरून कुणी मीठसुद्धा वाढलं नव्हतं.

बोगद्यातून बाहेर पडताना तू माझ्याकडे बघत नसस. बघणं शक्यच नव्हतं त्या वेगात. पण परत फिरून हळू येताना खडकाखाली गाडी थांबवायचास आणि विचारायचास, 'काय सिस्टर, पास का?' मी म्हणायचे, 'वळणावर नापास.' तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी तुला एकदाही पास केलं नव्हतं, आणि संध्याकाळी आपण कठड्यावर बसून त्याच वळणावर वाद घालत होतो. तू काडीने धुळीत वळण काढून दाखवायचास, आधी बाहेर, मग आत. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. अजूनही येत नाही. पण ते वळण मी आजही धुळीत काढून दाखवीन.

शाळेतल्या सिस्टर क्लेमेंतिनाबद्दल मी तुला सांगितलं होतं. दुपारी बाराची घंटा झाली की हातात काय आहे ते बघायचं नाही. घंटा देवाची, हात देवाचा. उजवा हात कपाळाला गेलाच पाहिजे, आणि डोळे मिटलेच पाहिजेत. एकदा एका मुलीच्या हातात आमटीचा डाव होता. तिने डावासकट क्रुसाची खूण केली आणि सगळी आमटी समोरच्या दोघींच्या अंगावर. सिस्टरांनी तिला शाबासकी दिली आणि त्या दोघींना कपडे धुवायला पाठवलं. तू हे ऐकून पोट धरून हसला होतास. मीही हसले होते.

बुधवार होता. सकाळपासून तुमचे लोक घाईत होते, कारण ढग येणार होते. बारा वाजायला आले तरी जेवणाची सुट्टी नाही, कारण रोमवाले एकच्या आधी जेवत नाहीत. आमच्या गावात मात्र बाराची घंटा म्हणजे हातातलं काम खाली. कुंपणापलीकडचा, गोठ्यातला, होडीतला, प्रत्येक माणूस थांबतो. बोर्तोलोकाका सर्व संतांच्या सणाआधी लिंबांची बाग थंडीपासून फळ्यांनी झाकायच्या घाईत होते. त्यांच्या टेम्पोत फळ्या भरलेल्या होत्या. त्यांनी हिशेब केला, घंटेच्या वेळी सिनेमाही थांबणार, रस्ता मोकळा मिळणार. गावातल्या कुणाही माणसाने तोच हिशेब केला असता. ते बागेच्या गल्लीतून रस्त्यावर आले आणि टेम्पो वळवू लागले. फळ्या लांब होत्या, वळायला वेळ लागत होता.

मी त्यांना पाहिलं होतं, लिव्हिओ. हे मला नीट लिहायचं आहे. मी त्यांना पाहिलं होतं आणि रुमाल खाली होता. हात मी मांडीला घट्ट दाबून धरला होता.

मग घंटा झाली.

हात कपाळाला गेला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. डोळे मिटलेले. हातात काय आहे ते मी बघितलं नाही. खालून, तीनशे पावलांवरून, तुला काय दिसलं असेल ते मी नंतर आरशासमोर उभं राहून करून पाहिलंय. रुमाल वर जातो, खाली येतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ये, ये, ये. 'नमो मारिया' ही प्रार्थना अर्ध्यावर होती तेव्हा बोगद्यात इंजिनाचा आवाज शिरला.

तुझ्या उजवीकडे तळं होतं, डावीकडे डोंगर, समोर आडवे काका. तू डोंगर घेतलास. काकांना खरचटलंसुद्धा नाही. ते फळ्यांच्या मधोमध रस्त्यावर बसून राहिले, हातात टोपी घेऊन. तुझा उजवा गुडघा गाडीतून मोकळा करायला लोकांना पाऊण तास लागला. मी खडकावरून उतरले कशी ते मला आठवत नाही. रुमाल मुठीत होता एवढं आठवतं.

चौथ्या दिवशी मी इस्पितळात आले. आईने सूप दिलं होतं, ते मी खिडकीत ठेवलं. मी फौजदाराकडे जाऊन सगळं सांगणार होते. वाक्यं पाठ केली होती. पण तू बोलूच दिलं नाहीस. तू हसत होतास. म्हणालास की फौजदार काल येऊन गेला, जबाब झाला, सही झाली: मी घाई केली, इशाऱ्याची वाट पाहिली नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालास, 'तू प्रार्थना करत होतीस. प्रार्थनेचा गुन्हा कुठल्या चौकीत नोंदवतात?' मी रडायला लागले तेव्हा तू माझा हात धरलास आणि हळू आवाजात म्हणालास, 'एल्व्हिरा, हे तुझं गाव आहे. मला उद्या इथून जायचंय, तुला इथे राहायचंय. तू काही पाहिलं नाहीस.'

आणि मी गप्प बसले. पहिल्यांदा तुझं ऐकलं म्हणून, दुसऱ्यांदा भीती वाटली म्हणून, आणि तिसऱ्यांदा, आता फार उशीर झाला म्हणून. मग मोजायचं सोडून दिलं. फादरांपुढे पापनिवेदन केलं. त्यांनी क्षमा दिली आणि तीन जपमाळा सांगितल्या. मी तीस केल्या. देवाने क्षमा केली असेल, पण गुडघा देवाचा मोडला नव्हता.

तुला नंतर एकाही सिनेमात कुणी गाडी दिली नाही, हे मला तुमच्या त्या सहायकाकडून कळलं. इशारा न पाहणारा माणूस कुणाला नको होता. पाय बरा झाला असता तरी नको होता. सिनेमा आमच्या चर्चच्या सभागृहात लागला तेव्हा सगळं गाव आलं होतं. आपली गल्ली दिसली की लोक टाळ्या वाजवायचे, आईने त्या नव्या चादरींना नावं ठेवली. गाडीत चेहरा सिनेमातल्या नटाचा होता. पण बोगद्यातून बाहेर पडताना गाडी आधी बाहेर सरकायची आणि मग आत यायची, तेव्हा मी डोळे मिटले तरी मला कळत होतं की कोण चालवतंय. तिसऱ्या वळणावर खडकावर एक पांढरा ठिपका दिसतो, क्षणभर. तो मी. सिनेमा रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी लागला होता. मी तिन्ही दिवस गेले. एवढ्या सुंदर वळणाला मी तीन आठवडे नापास करत होते.

आता ती गोष्ट लिहिते जी तुला ठाऊक नाही.

पुढच्या फेब्रुवारीत, आमच्या संत बिआजोच्या सणाला, तू बसने आलास. हातात काठी होती. चर्चमध्ये रांगेत उभा राहिलास, बिआजो गळ्याचे संत म्हणून फादरांनी गळ्याला दोन मेणबत्त्या लावून आशीर्वाद दिला, तेव्हा तू त्यांना विचारलंस की गुडघ्यासाठी वेगळे संत आहेत का. फादरही हसले. मग आपण धक्क्यापर्यंत चालत गेलो. नेहमीपेक्षा हळू. तू सांगितलंस की तोरिनोमध्ये दोन खोल्या बघितल्या आहेत, खिडकीतून डोंगर दिसतात, तळं नाही पण नदी आहे. आणि मग तू विचारलंस.

मी म्हटलं, मला तळ्याशिवाय जमणार नाही.

तू आधी काठीकडे पाहिलंस, मग पायाकडे, आणि मान डोलावलीस, एखाद्याला पत्ता समजला की तो डोलावतो तशी. त्याच क्षणी मला कळलं की तुला काय समजलंय. लंगडा नवरा नको, असं तुला समजलं. मला एका वाक्यात ते खोडता आलं असतं. बस अर्ध्या तासाने होती. तू बसमध्ये चढेपर्यंत आपण हवेबद्दल बोललो, लिंबांना थंडी लागली का याबद्दल बोललो.

लिव्हिओ, तुझ्या पायामुळे नव्हे. तुझ्या पायामुळे नव्हे. हे वाक्य मी दोनदा लिहिलं, कारण पन्नास वर्षं एकदाही लिहिलं नाही. मला तुझ्या त्या दोन खोल्या हव्या होत्या. मी मनात तिथे पडदेसुद्धा लावले होते. पण रोज सकाळी तू पलंगावरून पाय खाली सोडशील आणि आधी गुडघ्यावर हात ठेवशील, आणि मी कॉफी ठेवताना ते बघीन, आणि तू हसून म्हणशील, काय सिस्टर, पास का. तुझ्या खोट्याच्या आडोशाला मी इथे राहू शकत होते. त्याच खोट्याशी लग्न करून मी जगू शकले नसते. आणि खरं सांगण्याची हिंमत नव्हती. म्हणून तळ्याचं नाव पुढे केलं. तळ्याला काय, ते आजही इथेच आहे.

माझं लग्न दोन वर्षांनी दारिओशी झालं. टपाल खात्यात होता, चांगला माणूस होता. तो इतका सावकाश गाडी चालवायचा की मागच्या गाड्यांतले लोक उतरून फुलं तोडायचे. आम्हाला एक मुलगा आहे, व्हेरोनाला असतो. दारिओला जाऊन सहा वर्षं झाली. त्याला मी कधी सांगितलं नाही, पण त्या रस्त्याने जाताना तो नेहमी मी न सांगताच तिसऱ्या बोगद्याशी रेडिओ बंद करायचा. काय समजला होता कोण जाणे. तो सुखाचा संसार होता, हे लिहिलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. तुझी आठवण ही त्या संसारातली एक बंद खोली होती. मी तिथे राहत नव्हते, पण झाडून घेत होते.

बोर्तोलोकाकांनी त्या हिवाळ्यात टेम्पो विकून टाकला. मग मरेपर्यंत फळ्या खांद्यावरून नेल्या. नोएमी सांगते, आजोबा म्हणायचे, मी घंटेवर विसंबलो, ती माझीच चूक. म्हणजे एक चूक आम्ही तिघांनी वाटून घेतली होती, आणि जिची होती तिच्या वाट्याला सगळ्यांत कमी आली.

आणि आता तुझ्याबद्दल. तुझा पत्ता नोएमीने शोधला. फोन तुझ्या मुलीने घेतला, लोरेदानाने. तिच्याकडून कळलं की तू अडतीस वर्षं गाडी शिकवण्याची शाळा चालवलीस. मी नोएमीला ते दोनदा सांगायला लावलं. लोरेदाना म्हणाली, बाबा प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी पाय पुढे करून दाखवायचे आणि सांगायचे, मी एकदा इशाऱ्याची वाट पाहिली नाही, हा बघा परिणाम. अडतीस वर्षांतली मुलं. तुझी मुलगीही त्यातच शिकली असेल. तिला हसू येत होतं, म्हणे, की घरात मात्र बाबा इतके सावध की रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतात, मग तरुणपणी एवढे बेफिकीर कसे होते कोण जाणे. नोएमीने हे मला हसत सांगितलं. मी उठून खिडकी लावायला गेले. उघडी नव्हती.

तर हे पत्र कशासाठी, ते. परवा शुक्रवारी मी नोएमीच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मी म्हटलं, पाटीवर माझं नाव घाल. ती म्हणाली, 'मावशी, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण कागदावर त्यांची सही आहे. तो जबाब खोटा होता असं ते स्वतः म्हणाले तरच मला मजकूर बदलता येईल.' ती पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला तुला फोन करणार आहे. आणि तू काय सांगशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. हसशील, आणि म्हणशील, बाईंचं वय झालंय, त्यांना काहीतरी आठवतंय, घाई मीच केली होती. लिव्हिओ, असं म्हणू नकोस. तू माझ्यासाठी एकदा खोटं बोललास, त्याचे उपकार मी आयुष्यभर वागवले. दुसऱ्यांदा बोललास तर ते धातूवर उमटेल, आणि मग मी मेल्यावरही गप्पच राहीन. तू माझ्या हाताकडे बघून निघालास. तू वाट पाहिली होतीस. एवढंच सांग. हे पत्र मी तीनदा लिहून काढलं आहे, शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तसं, सुवाच्य अक्षरात. तुला ठाऊक असलेलंही सविस्तर लिहिलं ते इतरांनीही वाचावं म्हणून. एक प्रत नोएमीकडे बंद पाकिटात आहे. तू हो म्हणालास की ती उघडेल, वाचेल आणि आजोबांच्या थडग्यापाशी जाऊन मोठ्याने वाचेल, तसं तिने कबूल केलंय. दुसरी माझ्या मुलाला पाठवते आहे. त्याच्या बापाबद्दल लिहिलेलं पान त्याने नीट वाचावं. ही तिसरी तुझी वाचून झाली की लोरेदानाला दे, आणि ती वाचत असताना खोलीबाहेर जाऊ नकोस, तिला काही विचारायचं असेल. तुझ्या शाळेतली जी मुलं अजून भेटत असतील, त्यांनाही खरं काय ते सांग. नोएमीला तुझा होकार दे. आणि दोष मला दे. तू तो फार वर्षं सांभाळलास, आता माझा मला दे.

तुझीच, तेव्हा न सांगता आणि आता सांगून,
एल्व्हिरा